तक्रारीआधी बातमी पोहोचू द्या

शाळेतून फोन आला की आईच्या छातीत धस्स होतं. 'पडलं तर नाही ना लेकरू?' हा तिचा पहिला प्रश्न असतो आणि 'मग काय केलं त्यानं?' हा दुसरा. बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी पहिली ते चौथीचे वर्ग शिकवत आले. सुरुवातीची कितीतरी वर्षं माझे फोनही याच कारणांसाठी जात: गृहपाठ झाला नाही, खाडे वाढले, आधार कार्ड आणा, पासबुकाची झेरॉक्स द्या, मारामारी झाली. मूल कोणाशेजारी बसतं, कोणत्या गोष्टीला खळखळून हसतं, हातच्याची बेरीज त्याला नेमकी कधी उमगली, यातलं काहीच घरी पोहोचत नव्हतं. रोज पाच-सहा तास मूल आपल्याजवळ असतं आणि त्या तासांबद्दल घरी जातं ते एवढंच, हे मला फार उशिरा खटकलं. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना तेवढा उशीर होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

पालकांना कळवणं हे हौसेचं जादा काम नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. शाळेत नियमित आणि वेळेवर यावं, हे त्यातलं पहिलं. त्याच यादीत पुढे, पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती आणि त्याच्याविषयीची इतर महत्त्वाची माहिती सांगावी, असंही म्हटलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, पण समितीची बैठक झाली म्हणजे हे काम झालं असं होत नाही. समितीत शौचालयाची, पोषण आहाराची, वर्गखोलीच्या पत्र्यांची चर्चा होते. आपल्या लेकराचं काय चाललंय, हे कोपऱ्यात बसलेल्या आईला तिथे कोण सांगणार?

जूनमध्ये आधी विचारा

शाळा सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस मी घरी काही कळवत नाही, फक्त विचारते. त्यासाठी एक दोनशे पानी वही पुरते; तिला मी ओळखवही म्हणते. प्रत्येक मुलाला त्यात दोन पानं द्यावीत. पहिल्या पानावर घराची माहिती: सकाळी मुलाला कोण उठवतं, शाळा सुटल्यावर घरी कोण असतं, घरात कोणती भाषा बोलतात, वाचता कोणाला येतं, फोन कोणाजवळ असतो आणि तो माणूस किती वाजता घरी येतो.

फोनचा प्रश्न मी एका तांड्यावरच्या आजींमुळे विचारायला लागले. वर्षभर ज्या नंबरवर मी निरोप पाठवत होते, तो फोन मुलाच्या वडिलांबरोबर पुण्याला बांधकामावर होता. मुलाला सांभाळणाऱ्या आजींना एकही निरोप मिळाला नव्हता. माझ्या दप्तरी मात्र दर वेळी 'पालकांना कळवले' अशी नोंद होती. तेव्हापासून मी दाखल्यावरचं नाव आणि निरोप घेणारं माणूस वेगवेगळं लिहिते. ज्याच्या हातचं खाऊन मूल शाळेत येतं, त्याला निरोप गेला पाहिजे. ती आजी असेल, मामी असेल, सातवीतली बहीण असेल.

मुलाबद्दलचा एकच प्रश्न विचारायचा: घरी ते कशात रमतं? त्याचं उत्तर घाईने घेऊ नये. पहिलीतल्या एका मुलीची आई म्हणाली, "बाई, ती शेळ्यांची नावं ठेवते." घरात बारा शेळ्या होत्या आणि बाराही नावं मुलीला तोंडपाठ होती. वर्गात तोवर तिने तोंड उघडलं नव्हतं. तिच्या पहिल्या वाचनपट्ट्या मी त्याच नावांच्या केल्या. आईला हे कळलं तेव्हा, 'आपण सांगितलेलं शाळेत कामाला येतं' ही गोष्ट तिच्या मनात पक्की झाली, आणि पुढे चार वर्षं तिने मला काही सांगायचं टाळलं नाही.

रोज दोन घरं

कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा आणि साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक असा हिशेब आहे. रोज दोनच मुलांच्या घरी दोन-तीन ओळींची बातमी पाठवली, तर पंधरा दिवसांत वर्गाची एक फेरी होते आणि वर्षभरात प्रत्येक घरी बारा-तेरा वेळा बातमी जाते. याला रोजची दहा मिनिटं लागतात. दोन वर्ग एकत्र सांभाळावे लागत असतील तर रोज एकच घर घ्या, पण ते चुकवू नका.

बातमी म्हणजे शाबासकी नव्हे. 'आज अनुष्काने छान अभ्यास केला' हे वाचून आईला बरं वाटेल, पण त्यावर तिला लेकीशी बोलता येणार नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: 'आज अनुष्काने ४७ आणि २६ यांची बेरीज काड्यांनी केली. सुट्या काड्या तेरा झाल्या, तेव्हा त्यातल्या दहांचा गठ्ठा तिने कोणी न सांगता बांधला. घरी शेंगा मोजायला बसलात तर तिला दहा-दहाचे ढीग करायला सांगा.' यात वर्गात दिसलेली एक गोष्ट आहे, तिचा अर्थ आईला आपोआप कळतो आणि घरी करण्याजोगं एक लहानसं काम आहे. 'शाळेत आज काय झालं?' या प्रश्नाला मुलं 'काही नाही' म्हणतात. 'गठ्ठा कसा बांधलास ग?' असं विचारलं की तीच मुलगी काड्या शोधायला पळते.

सगळ्या बातम्या यशाच्याच असायला हव्यात असंही नाही. 'आज समीर खूप शांत होता, जेवणही कमी केलं, घरी काही झालंय का?' ही बातमीच आहे, आणि तिच्या उत्तरात कधी कळतं की आजोबा दवाखान्यात आहेत, कधी कळतं की विकलेली म्हैस त्याच्या लाडाची होती.

बातमी गेली की ओळखवहीत त्या मुलाच्या दुसऱ्या पानावर तारीख टाका. महिन्याभराने वही चाळा. मी चाळली तेव्हा जे दिसलं त्याचं मला फार वाईट वाटलं. दांडग्या मुलांची पानं भरलेली होती, हुशार मुलांचीही भरलेली होती. कोरी होती ती मधल्या रांगेतल्या मुलींची. त्या वेळेवर येत होत्या, वह्या पूर्ण करत होत्या, कोणाला त्रास देत नव्हत्या. त्यांच्या घरी सांगायला माझ्याजवळ एक ओळ नव्हती, कारण मी त्यांना नीट पाहिलंच नव्हतं. पुढच्या सोमवारी सकाळी मी ठरवून अशा दोघींजवळ बसले. एकीच्या चित्रात प्रत्येक घराला जिना होता. तिचं स्वतःचं घर पत्र्याचं, एकमजली. 'जिना का ग?' विचारलं तर म्हणाली, "वरून शाळा दिसंल." त्या संध्याकाळी तिच्या घरी हीच बातमी गेली. तुमच्या वहीतही कोरी पानं असतील. पुढची फेरी तिथूनच सुरू करा.

निरोप कसा न्यायचा

वाचता न येणाऱ्या घरी लिहिलेली चिठ्ठी पाठवली तर ती शेजारच्याकडून वाचून घ्यावी लागते, म्हणजे आपल्या मुलाची गोष्ट आधी दुसऱ्याला कळते. अशा घरांसाठी आवाजी निरोप फार उपयोगी आहे. तीस-चाळीस सेकंदांचा पुरे. मुलाचं नाव सुरुवातीलाच घ्या, एकच गोष्ट सांगा आणि नेहमीच्या बोलण्यासारखं बोला. घरात गोरमाटी बोलत असतील तर चौथीतल्या एखाद्या मुलीकडून दोन वाक्यं शिकून घ्या. उच्चार चुकला तरी चालतं, ऐकणारी आजी तो निरोप चार जणींना ऐकवते. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांना संध्याकाळी सहा ते सातमध्ये फोन लावावा. ही वेळ जूनमध्येच सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे रात्री दहाला तुमचाही फोन वाजणार नाही.

शाळेच्या दारातला फळा मात्र सर्वांसाठी. सुविचाराशेजारी आज वर्गात काय चाललंय, याची एक ओळ रोज लिहून घ्या, आणि ती मुलांकडूनच लिहून घ्या. 'दुसरीवाले आज सावली मोजतायत' एवढं वाचून मुलाला सोडायला आलेले आजोबा थांबतात.

व्हॉट्सॲपच्या गटाबद्दल माझं मत ठाम आहे. तो सूचनांसाठी ठेवावा: उद्या शाळा सकाळची आहे, बुधवारी आरोग्य तपासणी आहे, येताना जुनी वर्तमानपत्रं आणा. एका मुलाची गोष्ट तिथे कधीही टाकू नये, चांगलीही नाही. एकाचं कौतुक आलं की बाकीची एकोणतीस घरं आपलं मूल त्यात शोधतात आणि मग ते मूल घरी बोलणी खातं. चाचणीचे गुण, अपूर्ण वहीचा फोटो, गैरहजर मुलांची यादी यांना तर तिथे जागाच नको. फोटो टाकायचा असेल तर हातांचा, चित्रांचा, मातीच्या बैलांचा टाका. चेहरे दिसणार असतील तर वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक घरची संमती घ्या आणि ज्यांनी नको म्हटलं त्यांना कारण विचारू नका. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहेच. पण कायदा नसता तरी, मुलीचा फोटो कुठे फिरेल याची आईला वाटणारी काळजी खरीच आहे.

कठीण गोष्ट सांगताना

हा भाग सगळ्यात सावकाश वाचा, असं मी म्हणेन.

तिसरीतल्या एका मुलाच्या वहीत मी लाल शाईने लिहिलं होतं, 'अभ्यास अपूर्ण. पालकांनी लक्ष द्यावे.' खाली सही मागितली होती. दुसऱ्या दिवशी सही आली, मुलगाही आला, आणि त्याच्या दंडावर वळ होते. शाळेत मुलाला मारायला आणि मनाला लागेल असं वागायला कायद्याने बंदी आहे. मी कधी हात उगारला नव्हता. पण ते वळ माझ्या वाक्यामुळे उठले होते. मी त्या वडिलांना 'लक्ष द्या' म्हटलं आणि लक्ष म्हणजे काय द्यायचं ते सांगितलं नाही. त्यांच्या लहानपणी त्यांच्यावर जसं लक्ष दिलं गेलं, तसंच त्यांनी दिलं. त्यानंतर मी लाल शाईत पालकांना उद्देशून एक अक्षर लिहिलेलं नाही.

म्हणून कठीण गोष्ट मुलाच्या हाती धाडू नये, चिठ्ठीत नाही आणि गटात तर नाहीच. समोरासमोर बसून सांगावी, इतर पालक आसपास नसताना, आणि शक्य असेल तर त्यांच्या घरी किंवा रानात जाऊन. त्या घरी त्याआधी निदान दोन साध्या बातम्या गेलेल्या असाव्यात. तुम्ही मुलाचं बरंही पाहता, हे ज्यांना माहीत आहे ते तुमचं कडू बोलणं ऐकून घेतात.

बसल्यावर जे डोळ्यांनी दिसलं ते सांगा, शिक्का मारू नका. 'तो आळशी झालाय' हा शिक्का आहे. 'गेल्या आठवड्यात तीन दिवस तो दुसऱ्या तासाला बाकावर झोपला' हे दिसलेलं आहे. मग थांबा आणि विचारा, 'घरी तुम्हाला काही जाणवतं का?' ज्या मुलाबद्दल मी हे विचारलं, त्याची आई म्हणाली, "मॅडम, रात्रीची लाइट असती तवा ते बापासंग दारं धरायला जातंय." शेतीपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्री, त्या आठवड्यात हा नऊ वर्षांचा मुलगा मध्यरात्री पिकाला पाणी देताना वडिलांना बॅटरी दाखवत उभा राहत होता. वर्गात कितीही उपाय केले असते तरी ते चुकीच्या जागी पडले असते. आम्ही तिघांनी ठरवलं की तो फक्त शनिवारी रात्री रानात जाईल, कारण रविवारी त्याला झोपता येतं. वडिलांनी ते पाळलं.

उठण्याआधी तीन गोष्टी न विसरता करा. करायचं ते एकच काम ठरवा, चार नको. पुन्हा बोलायचा दिवस ठरवा. आणि स्पष्ट शब्दांत सांगा, 'यावरून त्याला मारू नका, रागावूही नका. तुमच्याकडून मला फक्त एवढंच हवंय.' ठरल्या दिवशी न चुकता फोन करा, फरक पडला नसला तरीही. पडला असेल तर तो आईला सांगा आणि तिलाच तो मुलाला सांगू द्या.

एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. घरातच मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली, तर ती घेऊन घरी जाऊ नका. मुख्याध्यापकांना सांगा, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर बोला. शंका लैंगिक अत्याचाराची असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे घरच्यांची समजूत काढत बसायचं नाही.

पालकसभा आणि प्रगतिपुस्तक

सकाळी अकराची सभा म्हणजे मजुरीवर पाणी. खुरपणीच्या दिवसांत एका रोजाची किंमत काय असते, हे मजुरीला जाणाऱ्या आईला विचारा, म्हणजे 'पालक येतच नाहीत' असं आपण म्हणणार नाही. सभा संध्याकाळी घ्या, नाहीतर आठवडी बाजाराच्या दिवशी. तांड्यावर किंवा वस्तीवर वेगळी घेता आली तर आणखी चांगलं. 'शाळापूर्व तयारी अभियाना'त गावोगाव मातांचे गट तयार झाले. ते गट पहिलीच्या प्रवेशापुरते ठेवू नका. सभेचा निरोप त्या गटातल्या एकीने दिला की बाकीच्या येतात.

सभेत माईक लावून भाषण करू नये. मुलांनाच आपापल्या घरच्या माणसाला हाताला धरून वर्ग दाखवू द्या: हे माझं चित्र, ही माझी वही, हे गणित मला येतं, हे अजून येत नाही. 'अजून येत नाही' हे मूल स्वतः म्हणतं तेव्हा त्यात लाज उरत नाही. तुम्ही फिरत राहा, प्रत्येकाजवळ दोन मिनिटं थांबा. आणि 'बाकीच्यांत आमचा कितवा?' असं कोणी विचारलं तर दुसऱ्या मुलाचं नाव तोंडातून निघू देऊ नका. जूनमधली वही आणि आजची वही शेजारी ठेवून दाखवा.

प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदींचंही तसंच. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि मुलाबद्दल शब्दांत लिहायची जागा मिळाली. ती जागा आपण तयार यादीतल्या वाक्यांनी भरतो: 'नियमित शाळेत येतो', 'अभ्यासात सातत्य आहे', 'उपक्रमात सहभाग घेते'. यातलं कोणतंही वाक्य कोणाच्याही पुस्तकात चालतं, म्हणून ते कोणाचंच नसतं. ओळखवही तुमच्याजवळ आहे. तारखा टाकलेल्या आहेत. तिच्यातलं एक वाक्य उचला: 'गोष्ट ऐकताना मध्येच थांबवून पुढे काय होईल ते सांगते.' श्रेणीचा अर्थ तोंडी समजावून द्या. 'ब-१' वाचून आईला काहीच कळत नाही आणि विचारायला ती लाजते.

कारखान्याकडे निघालेल्यांसाठी

दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे वर्गातले बाक रिकामे व्हायला लागतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिली, तर त्यांची बातमी उसाच्या फडावर असलेल्या आई-वडिलांना जायला हवी. रात्री कोपीवर पाठ टेकल्यावर ऐकलेला चाळीस सेकंदांचा आवाज त्या आईला किती पुरतो, ते तिने मला परत आल्यावर सांगितलं. तिने ते निरोप पुसले नव्हते. आठवड्यातून एकदा मुलाचाच आवाज पाठवा: वाचलेल्या धड्याच्या चार ओळी, नाहीतर पाठ केलेला पाढा.

मूल बरोबर जात असेल तर शिक्षण हमी कार्ड द्याच, शिवाय एक पान हाताने लिहून द्या. तिथल्या शाळेतल्या शिक्षकासाठी: याला जोडाक्षरांपर्यंत वाचता येतं, वजाबाकीत हातचा घेताना अडखळतो, पहिले दोन दिवस बोलणार नाही, चित्र काढायला दिलंत की मोकळा होईल. पानावर तुमचा नंबर लिहा. मला अशा पानांमुळे तीनदा अनोळखी शाळांतून फोन आले.

१ मेला निकाल वाटून झाला की ओळखवही पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला द्या. पण देण्याआधी एकदा पान न् पान वाचा. घरातलं भांडण, कर्ज, दारू, कोणी विश्वासाने सांगितलेलं दुखणं, हे असलेली पानं काढून घ्या आणि नष्ट करा. मुलाच्या जिवाला धोका असेल तेवढंच मुख्याध्यापकांना तोंडी सांगा. भाषा कोणती, फोन किती वाजता घरी येतो, निरोप कोणाला द्यायचा आणि मूल कशात रमतं, ही पानं जाऊ द्या. शेळ्यांची नावं असलेलं पान मी तसंच पुढे दिलं होतं.